राखणीची बंदूक : आधी चाप पाहा, मग किंमत

मांजरा धरणाच्या पाण्यावर ऊस आला आणि उसात रानडुकरे आली. दिवसभर फडात दडून राहायचे आणि अंधार पडला की शेजारच्या भुईमुगात, ज्वारीत, हरभऱ्यात शिरायचे, असा त्यांचा क्रम. बालाघाटाच्या माळाकडे रोही आणि हरणे आहेत, ती वेगळीच. त्यामुळे बियाण्याची चौकशी करायला केजच्या पंचायत समितीत आलेला शेतकरी उठता उठता हळूच विचारतो, "साहेब, राखणीला एक बंदूक घ्यावी म्हणतो. जुनी एकनळी स्वस्तात मिळतेय. कशी काय असेल?"

आता मी शेती खात्यातला माणूस. पण प्रश्न इतक्या वेळा आला आहे, की एकदा सविस्तर लिहिलेले बरे.

विकणारा माणूस तुम्हाला दस्ता दाखवतो. पॉलिश केलेला, नव्या नवरीसारखा सजवलेला. फार तर नळी डोळ्याला लावून "बघा, आरशासारखी आहे" म्हणतो. पण स्वस्तातल्या बंदुकीत माणसाचा जीव घेणारा दोष बहुधा दस्त्यात नसतो. तो असतो घोडा आणि चाप यांच्या जोडणीत, आणि तो बाहेरून दिसत नाही.

कायद्याचे आधी उरकून घेऊ. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. पिकाच्या राखणीसाठी त्यात मुख्यतः ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफल या कामाची नव्हेच. तिची गोळी मैल-दोन मैल जाते आणि आपल्याकडे मैलभरात एखादी तरी वस्ती असतेच. आधी परवाना, मग बंदूक, हा क्रम. खाजगी मालकाकडून घ्यायची, तर त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. नळीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. नंबर घासलेली किंवा मुळात नसलेली गावठी बंदूक फुकट दिली तरी घरात आणू नका. बरे, परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मुभा मिळाली, असेही नाही. रानडुक्कर किंवा रोही मारायला वन खात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. काळविटाचे तर नावच काढू नये. शिवाय २०२४ च्या डिसेंबरात आपल्याच तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची झाडाझडती होऊन अनेक परवाने रद्द झाले. तेव्हा कागद चोख असले पाहिजेत.

ते पंचेचाळीस दिवस वाया गेले असे मात्र समजू नका. बंदूक पारखायला तेवढा वेळ हवाच.

चाप काम कसा करतो ते पाहा. घोडा मागे ओढला की आतली कमान ताणली जाते. घोड्याच्या बुडाशी दोन खाचा असतात. अर्ध्या चढावाची खाच खोल असते, पूर्ण चढावाची उथळ. चापाशी जोडलेली एक लहान जीभ त्या खाचेत अडकते आणि ताणलेली कमान थोपवून धरते. चाप ओढला की जीभ निसटते आणि घोडा आदळतो. म्हणजे सगळा भार ज्वारीच्या दाण्याएवढ्या पोलादी कडेवर असतो. बंदूक नवी असताना ही कड चौकोनी असते. वापरून वापरून ती गोल होते. कधी कधी एखादा हौशी कारागीर चाप हलका करण्यासाठी तिच्यावर कानस फिरवतो. मग विकणारा कौतुकाने सांगतो, "चाप कसा लोण्यासारखा चालतो!" हे वाक्य ऐकले की सौद्यातून उठावे, असे माझे मत आहे. राखणीच्या बंदुकीचा चाप लोण्यासारखा असताच कामा नये.

पारख करताना पहिले काम म्हणजे बंदूक रिकामी आहे याची खात्री, तीही स्वतःच्या डोळ्यांनी. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. मग नळी आभाळाकडे धरून, आत उडवलेल्या काडतुसाचे रिकामे टरफल घालून घोडा अर्धा चढवा. चाप ओढून पाहा. घोडा पडता कामा नये. अंगठ्याने घोडा पुढे रेटून पाहा, तरीही पडता कामा नये. मग पूर्ण चढवा. चापाला बोट न लावता घोडा मागून पुढे दाबा. घडी केलेल्या पोत्यावर दस्ता वीतभर उंचीवरून आपटा. घोडा निसटला तर तपासणी तिथेच संपली, किंमत विचारायचे कारण नाही. हे एकदा करून भागत नाही. दहा वेळा करा, कारण झिजलेली खाच नऊ वेळा धरते आणि दहाव्या वेळी सोडते. चापाचा भारही मोजता येतो. नळी वर धरून चापाला वजन अडकवायचे. दोन किलोच्या आसपास किंवा त्याहून थोडा जड चाप राखणीला चांगला. दीड किलोच्या आत पडणारा नको. थंडीत बधिर झालेल्या बोटाला एवढ्या हलक्या चापाचा अंदाज येत नाही.

बाकीचे भराभर सांगतो. बंदूक मोडून उजेडाकडे नळीतून पाहा. आत काळी वर्तुळाकार सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली असते. तोंडाला माती किंवा चिंधी असताना कधीतरी बार काढल्याची ती खूण. बिजागरी खडखडत असेल, दस्त्याच्या मानेला तडा असेल, तर घेऊ नये. आणि दुरुस्ती गावच्या लोहाराकडे नको. बंदुकीची दुरुस्ती करण्यासाठीही कायद्याने परवाना लागतो. तो असलेल्या कारागिराकडेच जावे.

काही दुनळीला घोडा बाहेर दिसत नाही, वर सेफ्टीची कळ असते. तिच्यावर लोक फार विसंबतात. पुष्कळ बंदुकांत ही कळ फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. तो चढलेलाच असतो. बंदूक पडली, जीभ हादरली, की सेफ्टी लावलेली असूनही बार होऊ शकतो.

हे फक्त जुन्या, झिजलेल्या मालापुरतेच आहे असे कोणी म्हणेल, म्हणून अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. तिथली रेमिंग्टन कंपनीची ७०० नंबरची रायफल १९६२ पासून लाखोंनी खपली. तिच्या जुन्या बनावटीत एक अडचण होती. सेफ्टी काढल्याखेरीज बोल्ट उघडत नसे, म्हणजे रायफल रिकामी करायलाही आधी सेफ्टी काढावी लागे. १९८२ मध्ये ही रचना बदलली, पण जुन्या रायफली घरोघर राहिल्याच. २००० साली मोंटाना राज्यात एक कुटुंब शिकारीहून परतले. आईने रायफल रिकामी करायला घेतली, सेफ्टी सरकवली आणि गोळी सुटली. चापाला बोट नव्हते, असे तिने सांगितले. गोळी घोडे वाहून नेणाऱ्या गाडीतून आरपार गेली. पलीकडे त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा होता. तो गेला. चापाच्या बनावटीत दोष असल्याचे कंपनीने मान्य केले नाही, पण पुढे २०१४ मध्ये कोर्टातल्या तडजोडीत चाप फुकट बदलून देण्याचे तिने कबूल केले. एवढ्या मोठ्या कारखान्याच्या मालाची ही कथा, तर चार हातांतून फिरलेल्या एकनळीचे काय सांगावे!

आपल्याकडचे अपघात साधे असतात. भरलेली बंदूक गाडीच्या साटीत ठेवलेली, उतरल्यावर नळी धरून ओढली, घोडा लाकडाला अडकून मागे गेला आणि सुटला. मला माहीत असलेल्या एका अपघातात असेच झाले. माणूस वाचला, उजवा हात कोपरापासून गेला. दुसरी वेळ धोक्याची म्हणजे जनावर पळून गेल्यानंतरची. घोडा चढवलेला, छाती धडधडते आहे, आणि आता तो अंगठ्याने हळू उतरवायचा. दवाने ओला झालेला अंगठा निसटतो. म्हणून आधी बंदूक मोडा, काडतूस काढून खिशात घाला, घोडा त्यानंतर. माळ्यावर चढताना, बांध ओलांडताना, मोटरसायकलवर बसताना बंदूक रिकामी आणि उघडी असावी. "भरायला वेळ लागेल, डुक्कर पळेल," असे म्हणतात. पळू द्या. ते पळावे म्हणूनच तर आपण जागलीला बसलो आहोत.

ठासणीच्या बंदुकीला मोडून पाहायची सोय नसते. ती भरलेली आहे का, हे कळायचा उपाय एकच. घोड्याखाली टोपी नाही हे पाहा. मग तोंडावर हात किंवा डोके न आणता, बाजूला उभे राहून गज नळीत हळूच बुडापर्यंत सोडा आणि तोंडाशी गजावर खूण करा. गज बाहेर काढून नळीच्या बाजूने धरा. गजाचे टोक टोपीच्या जागेपर्यंत पोचले तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडे राहिले तर आत बार आहे. आजोबांची म्हणून आढ्याला वर्षानुवर्षे लटकलेल्या बंदुकीतही बार असू शकतो. असा जुना बार स्वतः उकरू नका, परवानाधारक कारागिराला बोलवा. आणि टोपी फुटूनही बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून मिनिटभर तरी तसेच थांबा. ओलसर दारू उशिरा पेटते. कार्बाइड घातलेल्या पाइपाच्या बंदुकीचेही तेच. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ आणि आसपास कितीतरी मुलांचे डोळे तिने जायबंदी केले. वाजली का नाही म्हणून मुले पाइपात डोकावली. माकडे हाकायला असले पाइप वापरणाऱ्यांनी ते मुलांच्या हाती देऊ नयेत.

घरातल्या बायाबापड्यांनाही थोडे सांगायचे आहे. बंदूक शेतातून आली की उंबऱ्याच्या बाहेरच उघडून दाखवायला लावा. दाखवल्याशिवाय आत नाही. तिचा राग येऊ द्या. बंदूक एका कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ल्या पोरांना ठाऊक नसलेल्या जागी. काडतुसे चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे, ती मोडा.

ज्यांचे पीक या आठवड्यात डुकरांनी उद्ध्वस्त केले आहे, त्यांनी बंदुकीच्या विचारात दिवस घालवू नयेत. वन खात्याकडे नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत गेला पाहिजे. पंचनामा होईपर्यंत पायांचे ठसे आणि पडलेली ताटे तशीच राहू द्यावीत.