विश्लेषण : लॅबच्या संगणकाला पासवर्ड, तरी प्लगइन आत कसे?

तिवसा तालुक्यातील ज्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप नाही, त्याला प्रोग्रामिंग शिकायला महाविद्यालयाच्या लॅबचा किंवा संगणक केंद्राचाच आधार. एकच संगणक अनेक जण वापरतात, म्हणून ॲडमिन पासवर्ड शिक्षकांकडे असतो. तेवढ्याने भागते का?

पासवर्ड कुठे अपुरा?
विंडोजवर पायथॉन आणि व्हीएस कोड ॲडमिन पासवर्डशिवायही वापरकर्त्याच्या खात्यात बसतात. व्हीएस कोडचे प्लगइन, म्हणजे एक्स्टेन्शन, त्याच खात्यात उतरते आणि त्या खात्याला दिसणाऱ्या फाइल वाचू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये उघडकीस आलेला ‘ग्लासवर्म’ अशाच एक्स्टेन्शनमधून पसरला आणि गिटहबची लॉगिन माहिती चोरू लागला. खाते सामाईक असेल, तर एकाच्या चुकीचा फटका सर्वांना.

मग बंदी घालावी का?
सरसकट बंदीने शिकणेच थांबेल. व्हीएस कोडच्या १.९६ आवृत्तीपासून मान्य एक्स्टेन्शनची यादी ठरवता येते. ती विंडोजच्या धोरणातून लागू केली, की विद्यार्थ्याला बदलता येत नाही. जोडीला प्रत्येकाला स्वतंत्र खाते हवे. मात्र नवे एक्स्टेन्शन मागितल्यावर ते तपासून यादीत घालणारा माणसूही ठरलेला हवा. नाहीतर सुरक्षेच्या नावाखाली विद्यार्थ्याचाच खोळंबा होईल.