खळीची एक वाटी

बालवाडीत चार मुलांच्या मध्ये खळीची एकच वाटी ठेवावी. एकाला घोटीव कागदाचे त्रिकोण द्यावेत, दुसऱ्याला चौकोन, तिसऱ्याला वर्तुळे, चौथ्याला लांबट पट्ट्या. आणि प्रत्येकाला घर चिकटवावयास सांगावे. चौकोनवाल्याच्या घराला छप्पर नसते आणि त्रिकोणवाल्याच्या छपराखाली भिंत नसते. मग देवघेव सुरू होते, थोडी ओढाताण होते, एखादा रुसतो, आणि अर्ध्या तासात चार घरे उभी राहतात. आकारांची ओळख आणि वाटून घेण्याची रीत, हे दोन्ही पाठ एकाच बैठकीत होतात.

हेच तुकडे प्रत्येकाला वेगवेगळ्या पाकिटात भरून दिले, तर मूल आकार शिकेल. पण शेजाऱ्यापाशी मागणे आणि त्याला देणे शिकणार नाही. तरीही अशी पाकिटे मुलांच्या हाती देणाऱ्या बालवाड्या आहेत, आणि वह्या किती भरल्या यावरून शाळेची पारख करणारे पालकही आहेत. चिकटवलेले घर हाती पडले, की 'आज शिकवले काय?' असा त्यांचा प्रश्न असतो.

फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे गोल, नळकांडी, घन अशा आकारांच्या खेळांतून बालशिक्षणाचा पाया घातला. त्याच्या बालोद्यानांवर प्रशियाच्या सरकारने १८५१ साली बंदी घातली; ती १८६० साली उठली. आज सरकारची बंदी नाही. उलट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणात खेळालाच अग्रस्थान दिले आहे. बंदी आहे ती पालकांच्या धास्तीची!

महागडी साधने नाहीत, ही सबबही टिकणारी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, ते आसपासच्या सामान्य वस्तूंच्या आधारावर. गोमंतकात तर करवंट्या, सुपाऱ्या, शिंपले यांना तोटा नाही. रांगोळी आणि माटोळी पाहणाऱ्या मुलाला आकार परके नाहीत.

शाळाचालकांनी पहिल्याच पालकसभेत हे स्पष्ट सांगावे. अंगणवाड्यांना कागद आणि बोथट कातरी वेळेवर मिळतील, हे शासनाने पाहावे. आणि पालकांनी ते वाकडे घर भिंतीवर लावावे. त्याचे छप्पर शेजारच्या मुलाने दिलेले आहे, हे आमच्या मते त्या दिवसाचे सर्वांत मोठे शिक्षण होय.