एकाच चुलीवरचे दोन डोंगर

अंबाबाईच्या मंदिराचा काळा पाषाण, पन्हाळ्याचा तुटलेला कडा आणि कुंभोजच्या बाहुबली डोंगराचा खडक यांचे कुळ एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर वाहत आले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. भूशास्त्रज्ञांच्या प्रचलित मतानुसार ज्या तप्त स्रोतातून हे सारे वर आले, तो अद्याप विझलेला नाही. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली, स्रोत मागे राहिला. मालदीवचा पाया आणि मराठी माणसे एकोणिसाव्या शतकात जेथे मजुरीस गेली ते मॉरिशस, ही त्याचीच पुढची अपत्ये. आज तो आफ्रिकेच्या पूर्वेस, रियुनियन नावाच्या फ्रेंच बेटाखाली धुमसत आहे.

बेट लहान आहे. क्षेत्रफळ २,५१२ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. पण त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे ३,०७० मीटर उंच, आपल्या कळसूबाईच्या दुपटीच्या जवळ. पाऊसही तसाच. जानेवारी १९६६ मध्ये तेथील फॉक-फॉक या ठिकाणी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पावसाची नोंद झाली; कोल्हापूर शहरात वर्षभरातही एवढा पडत नाही. या पाण्याने विझलेल्या ज्वालामुखीची कूस कोरून काढली आणि शिखराभोवती तीन प्रचंड दऱ्या तयार झाल्या : सालाझी, सिलाओस आणि माफात.

पहिल्या दोहोंत मोटार जाते. माफातमध्ये आजही मोटाररस्ता नाही. भोवती उभे कडे आणि आत, गडाच्या माचीसारख्या सपाट तुकड्यांवर, विखुरलेल्या वाड्या. एका वाडीतून दुसरीत जायचे तर ओढ्यापर्यंत उतरायचे आणि पुन्हा तेवढेच चढायचे. राधानगरीच्या जंगलात हिंडलेल्या माणसाला ही चाल नवी वाटणार नाही.

या वाड्या हौसेने वसलेल्या नाहीत. अठराव्या शतकात मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम किनाऱ्यावरच्या कॉफीच्या मळ्यांतून पळत आणि या दऱ्यांत लपत. त्यांच्या मागावर बंदूकधारी शिकारी सोडले जात. माफात हे नाव अशाच एका पळालेल्या म्होरक्याचे असल्याचे सांगतात. सिलाओस हा शब्द, एका मतानुसार, ‘जी जागा सोडून कोणी जात नाही ती’ अशा अर्थाच्या मालागासी शब्दावरून आला. २० डिसेंबर १८४८ रोजी बेटावरील गुलामगिरी संपली. पुढे भूमिहीन गोरे शेतकरीही डोंगरात शिरले, आणि एकाच दारिद्र्याने दोन्ही रंगांची माणसे शेजारी आणून बसविली.

आज माफातमध्ये काही शेकडा माणसे राहतात. सिमेंट, गॅस, औषधे हेलिकॉप्टरने येतात. वाड्यांत छोट्या शाळा आहेत. पुढच्या शिक्षणासाठी मात्र मुलांना दरी सोडावी लागते. टपाल पायी येते. एका पोस्टमनने चाळीस वर्षे याच वाटा तुडविल्या. जमीन सरकारी आहे. रहिवासी ती करारावर कसतात, आणि पाहुण्यांना घरात उतरवून चार पैसे मिळवितात. शेजारच्या सिलाओसची मसूर सर्व बेटावर नावाजलेली आहे. भातावर मसुरीचे घट्ट कालवण आणि सोबत मिरची घातलेली टोमॅटोची चटणी, हे तेथले रोजचे जेवण. अख्खा मसूर मिटक्या मारीत खाणाऱ्या कोल्हापूरकराचे तेथे उपाशी राहण्याचे भय नाही, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

रियुनियनची ही शिखरे व दऱ्या २०१० मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या. दोन वर्षांनी पश्चिम घाटाबरोबर राधानगरी अभयारण्यही त्याच यादीत आले. तेथेही डोंगरात वाड्या आहेत. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड या तालुक्यांतील कित्येक धनगरवाड्यांना पक्का रस्ता नाही. ‘रस्ता नसलेले गाव’ म्हणून माफातची छायाचित्रे जगभर मिरवली जातात. तेच वर्णन धनगरवाड्याला लागू केले की ती केवळ गैरसोय उरते. फरक खडकात नाही. माफातमध्ये रस्ता नाही, पण आजारी माणसासाठी आकाशातून वाहन उतरते. धनगरवाड्यात पावसाळ्याच्या रात्री चार गडी काठीला घोंगडीची झोळी बांधतात, तीत अडलेली बाळंतीण किंवा म्हातारा घालतात, आणि निसरड्या काळ्या कातळावरून, पाय रोवीत, डांबरी सडकेपर्यंत उतरतात.