स्तोत्रगीताची साथ आणि मराठी अक्षराचे वजन

मराठी ख्रिस्ती स्तोत्रगीतांचा विचार आजवर दोन निरनिराळ्या दालनांत होत आला आहे. साहित्याचे अभ्यासक नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) पदे आणि 'अभंगांजली'तील रचना कविता म्हणून वाचतात, वारकरी परंपरेशी त्यांचे नाते तपासतात आणि तेथे थांबतात. संगीताचे अभ्यासक मिशनऱ्यांनी आणलेल्या चाली, पायपेटी, चार आवाजांचे गायन ह्यांची नोंद घेतात आणि शब्दांकडे वळत नाहीत. रविवारच्या उपासनेत मात्र ही दोन दालने एकाच व्यक्तीच्या हाताखाली एकत्र येतात. ती व्यक्ती म्हणजे मंडळीच्या गायनाला पियानोची साथ करणारा वादक. गीत कोणत्या पट्टीत घ्यावे, कोठे श्वास सोडावा, कोणत्या अक्षराखाली स्वरमेळ बदलावा, कडवे संपले असे केव्हा वाटू द्यावे, हे सर्व तोच ठरवितो. हे निर्णय केवळ संगीताचे नसतात. ते संहितेचे वाचन असते आणि टीकाकाराच्या वाचनाप्रमाणेच ते बरे किंवा वाईट असू शकते. साहित्याच्या अभ्यासाने ह्या वाचनाची दखल घेतलेली नाही, ही उणीव लहान नव्हे.

वादकाच्या पुढ्यात जे पान असते ते मुळात पियानोसाठी लिहिलेले नसते. स्त्री-पुरुषांच्या चार आवाजांसाठी केलेली ती मांडणी असते. ऑर्गनचा स्वर बोट पट्टीवर असेतो टिकतो, पियानोचा स्वर उमटताक्षणीच विरू लागतो. म्हणून एकाच स्वरावर चार अक्षरे आली तर चारही वेळा पट्टी ठोकावी की एकदाच ठोकून स्वर वाहू द्यावा, हा प्रश्न पहिल्याच ओळीत उभा राहतो. कुशल वादक खालचा स्वर अष्टकात दुणावतो, मधले आवाज विरळ करतो, मंडळीतील वयस्करांचा आवाज पोचत नसेल तर पट्टी काळी दोनवरून पांढरी एकवर उतरवितो. ही कारागिरी सरावाने येते. शेवटच्या कडव्याला सगळे गीत अर्ध्या स्वराने वर चढवून उत्साह उत्पन्न करण्याची क्लृप्तीही सरावानेच येते, आणि ती जितकी कमी वापरावी तितके बरे. खरी अडचण ह्या कारागिरीपलीकडे, भाषेत आहे.

इंग्रजी स्तोत्रगीतांचा सर्वांत रूढ साचा आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा आहे, आणि त्याची चाल सामान्यतः हलक्या अक्षरापासून सुरू होऊन जड अक्षरावर पाऊल टाकते. इंग्रजीला हे सोयीचे पडते, कारण तिची उपपदे आणि संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी येतात. ते हलक्या जागी बसतात आणि नामाचे आघातयुक्त अक्षर ठोक्यावर पडते. मराठीची घडण उलट आहे. तिचे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात, आणि पद्यात ती आघातापेक्षा अक्षराचे लघुगुरुत्व मोजते. 'लेकरांचा' हा साधा शब्द ओळीच्या आरंभी घेऊन पाहावा. इंग्रजी साच्यात 'ले' हलक्या जागी जातो, लघु 'क' ठोक्यावर ताणला जातो, 'रां' पुन्हा हलका पडतो, आणि दुसरा ठोका येतो तो 'चा' ह्या प्रत्ययावर. ऐकणाऱ्याला लेकरू ऐकू येत नाही, 'क' आणि 'चा' ऐकू येतात. शास्त्रीय बंदिशीचा मुखडाही समेच्या आधीच सुरू होतो, असा आक्षेप कोणी घेईल. पण तेथे समेवर कोणते अक्षर यावे हे चीज बांधतानाच साधलेले असते, येथे ते परक्या भाषेच्या सोयीने आधीच ठरून गेलेले असते.

गंमत अशी की ख्रिस्ती श्रद्धेच्या शब्दसंग्रहातील काही मध्यवर्ती शब्द ह्या साच्यात आपसूक बसतात. प्रभू, पिता, कृपा, दया, क्षमा हे सगळे लघु-गुरू आहेत. 'कृपेने' म्हटले तरी ठोका 'पे'वर पडून प्रत्यय हलकाच राहतो. उलट येशू, ख्रिस्त, देव, तारण हे शब्द गुरू अक्षराने सुरू होतात आणि ओळीच्या आरंभी आले की अडखळतात. ज्या अनुवादकाचा कान तयार होता त्याच्या गीतात वादकाला फारसे काही करावे लागत नाही. ज्याने केवळ अक्षरे मोजली त्याच्या गीतात सारे ओझे वादकाच्या हातावर येते.

अक्षरे मोजण्याचा मोह समजण्यासारखा आहे. लहान अभंगाचा चरण बहुधा आठ अक्षरांचा असतो, आणि इंग्रजीतील दीर्घ साचाही आठ-आठ अक्षरांच्या चार ओळींचा. संख्या जुळल्यामुळे अभंग त्या चालीवर म्हणता येईल असे वाटते, आणि म्हणता येतोही. परंतु अभंगातील अक्षर लवचीक असते. टाळाच्या ठेक्यात ते लांबते, आखडते. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त अक्षरसंख्येवर चालणारा छंद आणि मात्रांच्या आवर्तनांवर चालणारी जाती ह्यांच्यात जो भेद केला, तो ह्या ठिकाणी नेमका उपयोगी पडतो. इंग्रजी चाल अक्षरे मोजते खरी, पण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखाच काळ देते. मोठ्या अभंगाची सहा-सहा-सहा-चार ही घडण तर तिच्यात मावतच नाही. चौथा चरण दोन अक्षरांनी तुटतो, आणि तेथे एखादे 'हो' किंवा 'रे' घालून भरती करावी लागते.

अशा वेळी वादक काय करू शकतो? शब्द बदलण्याचा अधिकार त्याला नाही. पण ठोक्याचे वजन त्याच्या हातात असते. प्रत्यय ज्या ठोक्यावर पडतो तेथे तो स्वरमेळ बदलत नाही, डाव्या हाताने खालचा स्वर पुन्हा वाजवीत नाही, आधीचाच स्वर पुढे वाहू देतो. कान ठोक्याकडे स्वरमेळाच्या बदलावरून लक्ष देतो, म्हणून बदल नसला की 'चा' आपोआप मागे सरतो. याहून धीट उपाय तीन मात्रांच्या चालींत साधतो. आरंभीचे हलके अक्षरच ठोक्यावर घेऊन 'ले'ला दोन मात्रा, 'क'ला एक, 'रां'ला दोन आणि किंचित आखडलेल्या 'चा'ला एक दिली की सहा मात्रांचे भृंगावर्तन सिद्ध होते, आणि चाल दादऱ्याच्या अंगाने चालू लागते. चाल तीच, स्वर तेच, पण शब्द परत मिळतो. मात्र मंडळी गीतात शिरते ती पियानो ऐकून. म्हणून हा बदल आरंभीच्या चार मापांच्या वादनातच स्पष्ट व्हावा लागतो. तेथे कचरलेला वादक पुढे सबंध कडवेभर मंडळीशी झगडत राहतो.

रागांत बांधलेल्या पदांचा प्रश्न निराळा आहे, आणि त्याविषयी ठाम बोलणारे बहुधा अर्धेच खरे बोलतात. भूपात मध्यम व निषाद नाहीत. पाश्चात्त्य साथीचे जे तीन मूळ स्वरमेळ, त्यांपैकी एकाला मध्यम लागतो व दुसऱ्याला निषाद. म्हणजे नित्याची साथ वाजविताच रागाबाहेरचे स्वर येतात. भैरवीत कडवे मिटविण्यासाठी शुद्ध निषाद घेतला तर भैरवी तेथेच संपते. येवढ्यावरून पियानो पदांना वर्ज्य आहे असा निष्कर्ष काढला जातो. पण 'अमेझिंग ग्रेस'ची सर्वपरिचित चालही भूपाचेच पाच स्वर घेते आणि तिच्याखाली मध्यम-निषाद वाजले तर कोणाचा कान दुखावत नाही. तेव्हा दोष स्वरांच्या संख्येत शोधून भागणार नाही. तो पूर्णविरामात आहे. इंग्रजी स्तोत्राचे प्रत्येक कडवे स्वयंपूर्ण असते आणि ठाम समारोपाने मिटते. मराठी पदाचा अंतरा मिटत नाही, तो ध्रुपदाकडे परततो. पुष्कळदा त्याचे वाक्यही ध्रुपदाच्या शब्दांनीच पुरे होते. अंतऱ्याच्या अखेरीस समारोपाचा स्वरमेळ वाजविणारा वादक वाक्याच्या मध्यावर पूर्णविराम देतो. जाणता वादक तेथे षड्ज-पंचमाची जोडी उघडी ठेवतो, तिसरा स्वर घेतच नाही, आणि ध्रुपदाचा पहिला शब्द उचलला गेल्यावरच हात भरतो. येथे तो पदाचे व्याकरण वाचीत असतो.

पियानो बाजूला सारावा, पेटी व तबला आणावा, हा सल्ला जुना आहे आणि पुष्कळ मंडळ्यांनी तो आनंदाने मानलाही. परंतु पियानोत मींड नाही आणि त्याचे स्वर समान अंतरांनी लावलेले आहेत हा आक्षेप पेटीलाही तितकाच लागू पडतो. ह्याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली होती. शिवाय परकेपणाचा युक्तिवाद इतिहासालाच धरून नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १८३१ मध्ये सुरू झाले. ज्या घरांत पाच-सहा पिढ्या ह्या चाली पाळण्यापासून कबरीपर्यंत गायिल्या गेल्या, त्या घरांना त्या परक्या आहेत असे सांगणे उद्धटपणाचे होईल. त्याउलट, छापलेल्या पानाला हात लावू नये असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की चाल आणि शब्द ह्यांची जोडी मूळ देशांतही अढळ नव्हती. 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द १७७९ मध्ये छापले गेले आणि आजची चाल त्यांना विल्यम वॉकर ह्यांनी १८३५ मध्ये अमेरिकेत जोडली. १९०६ च्या 'इंग्लिश हिम्नल'चे संगीत-संपादन करताना व्हॉन विल्यम्स ह्यांनी कित्येक गीतांना इंग्लंडच्या खेड्यांतील लोकगीतांच्या चाली दिल्या. फादर स्टीफन्सनी तर त्याच्या जवळजवळ तीन शतके आधी, १६१६ मध्ये, ख्रिस्तचरित्रच ओवीत घातले होते. फेरमांडणीला परंपरेची अनुज्ञा हवीच असेल तर ती अशी सर्व बाजूंनी मिळते.

प्रश्न उरतो तो पुराव्याचा. टिळकांच्या किंवा त्यांच्या आधीच्या पदकारांच्या रचनांची चिकित्सक आवृत्ती काढायची तर पाठभेदांबरोबर चालभेदही नोंदवावे लागतील. गीताच्या माथ्यावर छापलेले चालीचे नाव त्याला पुरेसे नाही, कारण त्या नावाखाली प्रत्यक्षात काय वाजत होते हे ते सांगत नाही. संगीत नाटकांच्या पदांबाबत अभ्यासकांच्या हाती जुन्या ध्वनिमुद्रिका तरी आहेत. उपासनेतील साथ ध्वनिमुद्रित करावी असे फारसे कोणाला सुचले नाही. तिचा लेखी पुरावा बहुतांशी एकाच ठिकाणी सापडतो : पियानोवर ठेवलेल्या गीतपुस्तकाच्या प्रतीत, शिसपेन्सिलीने केलेल्या खुणांत. कोठे खालचा स्वर खोडलेला असतो, कोठे एका अक्षरावर कंस आणि त्यावर '२' असा आकडा, कोठे कडव्याच्या शेवटी 'थांबू नये' एवढेच शब्द. नवी आवृत्ती आली की मंडळी नव्या प्रती घेते, आणि जुनी प्रत, शिवण सुटलेली असल्यामुळे, सर्वांत आधी रद्दीत जाते.