कंपनी ‘आजारी’, भागधारक धडधाकट!

एखादी बलाढ्य कंपनी डळमळू लागली की तिच्याभोवती दलाल, विश्लेषक, निधी-व्यवस्थापक आणि भांडवली वृत्तपत्रांचे अर्थपंडित यांचा मेळा जमतो. कंपनी तरेल की बुडेल, मोठे प्रतिस्पर्धी तिला गिळतील की तिचे तुकडे करून विकणेच अधिक फायद्याचे ठरेल, समभाग आज घ्यावा की आणखी पडू द्यावा, यावर अहोरात्र खल चालतो. स्मार्टफोनच्या धंद्यात फिनलंडच्या नोकिया कंपनीवर असा खल २००७ पासून २०१४ पर्यंत अखंड चालला, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून तो आजही संपलेला नाही. सर्वांचा निष्कर्ष ठरलेला आहे: नोकियाने काळाची पावले ओळखली नाहीत, ॲपल आणि सॅमसंग पुढे निघून गेले, बाजाराने आपला निवाडा दिला.

निवाडा दिला हे खरे. तो कोणाविरुद्ध दिला आणि त्याची शिक्षा कोणी भोगली, हा प्रश्न मात्र या साऱ्या खलात एकदाही उपस्थित होत नाही.

नोकियाच्या चुका नाकारण्याचे काही कारण नाही. जगातील दर दहा मोबाइल फोनांपैकी जवळजवळ चार फोन बनविणारी ही कंपनी २००७ मध्ये आयफोन बाजारात आला तेव्हा आपल्या सिंबियन प्रणालीला कवटाळून बसली. मायक्रोसॉफ्टमधून आणलेल्या स्टीफन एलॉप यांच्याकडे २०१० च्या सप्टेंबरमध्ये सूत्रे गेली. त्यांनी २०११ च्या फेब्रुवारीत कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या टिपणात कंपनीची तुलना समुद्रातील पेटलेल्या तेलविहिरीच्या फलाटाशी केली, आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीशी कंपनीची गाठ बांधून टाकली. त्या दिवशी समभाग सुमारे १४ टक्क्यांनी कोसळला. २०१२ मध्ये तिन्ही बड्या पतमापन संस्थांनी कंपनीच्या कर्जरोख्यांना ‘कचरा’ ठरविले. मंदीवाल्यांची चांदी झाली.

हा झाला मालकांच्या आपापसांतील हिशेब. पण फलाट पेटला असेल तर त्यावर उभे होते कोण, आणि पाण्यात ढकलले गेले कोण?

बोखुम, क्लुज, श्रीपेरुंबुदूर

कंपनीच्या ‘पडत्या काळा’च्या आधीपासून पाहिले पाहिजे. जर्मनीतील बोखुम येथील कारखाना बंद करण्याची घोषणा नोकियाने २००८ च्या जानेवारीत केली, तेव्हा ती संकटात नव्हती. ती जगातील पहिल्या क्रमांकाची फोन कंपनी होती आणि नुकत्याच संपलेल्या वर्षात तिने अमाप नफा कमावला होता. कारण सांगितले ते जर्मन मजुरी परवडत नसल्याचे. सुमारे २,३०० कामगार रस्त्यावर आले. या कारखान्यासाठी राज्य आणि केंद्र सरकार मिळून सुमारे ८ कोटी ८० लाख युरोंची सरकारी मदत कंपनीने आधीच खिशात घातली होती. बोखुमच्या रस्त्यांवर हजारोंचे मोर्चे निघाले, पण यंत्रे हललीच. उत्पादन रुमानियातील क्लुज शहराजवळच्या नव्या कारखान्यात गेले, कारण तेथील मजुरी जर्मनीच्या मानाने नगण्य होती.

क्लुजच्या कामगारांना वाटले, आता आपले दिवस आले. हे दिवस चार वर्षेही टिकले नाहीत. २०११ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनाही नोटीस मिळाली आणि सुमारे २,२०० जणांचे काम गेले. आता कारण निराळे निघाले: सुटे भाग आशियात बनतात, तेव्हा जुळणीही आशियातच हवी. पुढच्याच वर्षी कंपनीने आणखी १०,००० नोकऱ्या कापण्याचे जाहीर केले आणि स्वतःच्या देशातील, फिनलंडच्या सालो गावातील फोन-उत्पादनही बंद केले. ज्या गावाने कंपनीला मोठे केले त्या गावालाही दयामाया नाही. भांडवलाला मातृभूमी नसते हे कामगार चळवळ दीडशे वर्षे सांगत आली आहे. सालोच्या लोकांना ते स्वतःच्या अनुभवातून कळले.

राहिला चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना. २००६ साली विशेष आर्थिक क्षेत्रात तो सुरू झाला. जमीन, करसवलती, अखंड वीज असे सारे राज्य सरकारने तबकात घालून दिले. भरभराटीच्या दिवसांत तेथे सुमारे ८,००० कामगार होते. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या, तामिळनाडूच्या खेड्यांतून शाळा संपवून थेट जुळणीच्या पट्ट्यावर आलेल्या. पट्ट्याचा वेग असा की २०१० च्या ऑक्टोबर अखेर एक तरुण कामगार स्त्री यंत्रात अडकून प्राणाला मुकली. त्याच वर्षी वेतनवाढीसाठी संप झाले. पुढे सिटूशी संलग्न कामगार संघटना येथे उभी राहिली ती या मुलींच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या जिद्दीवर.

तीन ठिकाणे, तीन निरनिराळी कारणे. बोखुमला मजुरी जास्त, क्लुजला सुटे भाग दूर, श्रीपेरुंबुदूरला काय तर म्हणे कर फार. कारण दर वेळी बदलते, कृती तीच राहते.

‘करांच्या जाचा’ची कहाणी

या तिसऱ्या कारणाची चिरफाड करणे भाग आहे, कारण भारतातील भांडवली वृत्तपत्रांनी ते डोक्यावर घेतले आणि मध्यमवर्गीय वाचकांच्या गळी उतरविले. कहाणी अशी सांगतात की सरकारच्या ‘कर-दहशतवादा’मुळे एक चांगली परकी कंपनी हाकलली गेली आणि गरीब मुलींच्या नोकऱ्या बुडाल्या. मालकवर्गाला कामगारांचा असा कळवळा एरवी येत नाही. कर चुकवायचा असला की मात्र हमखास येतो.

वस्तुस्थिती पाहावी. प्राप्तिकर खात्याने २०१३ मध्ये सुमारे २,०८० कोटी रुपयांची मागणी केली. फिनलंडमधील मूळ कंपनीला सॉफ्टवेअरपोटी जी रक्कम धाडली जात होती, तिच्यावर कर कापला नाही, हा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला नोकियाने आपला फोनचा सारा धंदा ५४४ कोटी युरोंना मायक्रोसॉफ्टला विकल्याचे जाहीर केले. कारखाना हस्तांतरित करण्यापूर्वी ३,५०० कोटी रुपयांची हमी द्या, असे न्यायालयाने सांगितले आणि २०१४ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट कायम ठेवली. कंपनीने हमी दिली नाही. २५ एप्रिल २०१४ रोजी व्यवहार पुरा झाला तेव्हा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्यातून वगळलेला होता. कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आधीच पसरले होते. ‘स्वेच्छा’ हा शब्द येथे कोणत्या अर्थाने वापरला जातो, हे ज्याने असे कागद पाहिले आहेत त्याला सांगावे लागत नाही.

आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २९ एप्रिलला, फिनलंडमध्ये काय झाले? नोकियाच्या संचालक मंडळाने पुढील दोन वर्षांत सुमारे ३०० कोटी युरो भागधारकांना वाटण्याची योजना जाहीर केली. विशेष लाभांश वेगळा, नेहमीचा लाभांश वेगळा, समभागांची फेरखरेदी वेगळी. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे २५,००० कोटी रुपये होते. भारताच्या न्यायालयाने जी हमी मागितली होती तिच्या सातपट! आणि हमी म्हणजे भरणा नव्हे, दावा जिंकला तर सुटणारी तारण. सहा हजारांवर माणसांचे काम राखण्यासाठी ३,५०० कोटींची तारण ठेवणे ‘अशक्य’ होते. भागधारकांना २५,००० कोटी देणे मात्र ‘भांडवलरचना सुधारणे’ होते.

हा पैसा कोणी मागितला तेही उघड आहे. डॅनियल लोब या अमेरिकी सटोडियाच्या थर्ड पॉइंट निधीने २०१३ च्या ऑक्टोबरमध्येच नोकियात हिस्सा घेतल्याचे जाहीर करून, विक्रीतून आलेला पैसा भागधारकांकडे वळेल ही अपेक्षा बोलून दाखविली होती. फोन बनतील की नाही याच्याशी या निधीला कर्तव्य नव्हते. विक्रीची बातमी आली त्या दिवशीच समभाग सुमारे एक-तृतीयांश वर गेला. बत्तीस हजार कर्मचारी एका मालकाकडून दुसऱ्याकडे दिले गेले याचा तो उत्सव होता. स्वतः एलॉप यांना सुमारे १ कोटी ८८ लाख युरो मिळणार असल्याचे उघड झाले तेव्हा फिनलंडमध्ये संतापाची लाट उसळली. पेटलेल्या फलाटावरून उडी मारणाऱ्या या गृहस्थांसाठी खाली चांगलीच मऊ गादी अंथरलेली होती.

मुंबईच्या गिरणगावाने हा प्रकार फार पूर्वी पाहिला आहे. गिरणी ‘आजारी’ जाहीर होई, मालक कधी आजारी पडत नसे.

मग कारखाना कर-खात्याने बंद पाडला काय? नाही. वगळल्यानंतरही तो मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटावर फोन बनवीत होता. १७ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने १८,००० नोकऱ्या कापल्या. त्यांतील सुमारे १२,५०० नोकियातून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या होत्या. श्रीपेरुंबुदूरमध्ये बनत होते तसे स्वस्त फोन बंद करण्याचे ठरले, उरलेले उत्पादन व्हिएतनामकडे वळले, आणि खरेदीचा करार मायक्रोसॉफ्टने संपुष्टात आणला. १ नोव्हेंबर २०१४ ला पट्टा थांबला. व्हिएतनामची वाट मायक्रोसॉफ्टने धरली ती मजुरीचा आणि नफ्याचा हिशेब करून, चेन्नईची कर-नोटीस वाचून नव्हे. डिसेंबरमध्ये त्याच आवारातील फॉक्सकॉनचा कारखानाही थांबला, कारण तो नोकियाच्या मागणीवर जगत होता. त्याच्यावर तर कोणतीही करवसुली नव्हती.

मायक्रोसॉफ्टने पुढच्या वर्षी या खरेदीपोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले आणि आणखी ७,८०० जणांना घरी पाठविले. म्हणजे विकणारा फायद्यात, घेणारा एक ओळ खोडून मोकळा.

‘विजेत्यां’चे काय?

गुंतवणूकदारांच्या खलाचा दुसरा अर्धा भाग मोठ्या प्रतिस्पर्ध्यांविषयी असतो. हरणारी कंपनी कामगारांना हाकलते हे एक वेळ समजू शकते, पण जिंकणाऱ्या कंपनीत तरी त्यांचे भले होत असेल, असा सोयीस्कर समज त्यातून पसरतो. २०१० च्या आयफोनचा अमेरिकी संशोधकांनी केलेला हिशेब प्रसिद्ध आहे: किमतीतील ५८.५ टक्के ॲपलचा नफा, चीनमधील मजुरांची मजुरी १.८ टक्के. त्याच वर्षी शेनझेनमधील फॉक्सकॉनच्या वसाहतींतून तरुण कामगार एकामागून एक इमारतीवरून उड्या घेत होते आणि व्यवस्थापन खाली जाळ्या बांधत होते. आणि विजेत्याच्या घरी भागधारकांची भूक शमली काय? कार्ल आयकान याने २०१३ मध्ये ॲपलकडे १५० अब्ज डॉलरच्या समभाग-फेरखरेदीचा धोशा लावला. २०२४ च्या मे महिन्यात ॲपलने एका झटक्यात ११० अब्ज डॉलरची फेरखरेदी मंजूर केली. डळमळत्या कंपनीचे भागधारक तिचे लचके तोडतात, भक्कम कंपनीचे भागधारक तिचे दूध काढतात. कामगाराच्या वाट्याला दोन्हीकडे पट्ट्याचा वेगच येतो.

या खलात आता कामगारालाही ओढले जात आहे, हा नवा धोका आहे. २०१५ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या जमेचा काही भाग शेअर बाजारात गुंतविला जातो. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली आणि तो १५ टक्क्यांपर्यंत नेला गेला. चळवळीतल्या घरांतूनही तरुण मुले दरमहा म्युच्युअल फंडात हजार-दोन हजार भरतात आणि ‘आपला’ समभाग वर गेला की आनंदतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण पेन्शन काढून घेतल्यावर माणूस काय करील? पण ज्या कारखान्यात कामगारकपात झाली म्हणून समभाग चढला, त्या कारखान्यात आपलाच भाऊ असू शकतो. कामगाराच्या म्हातारपणाची पुंजी त्याच्याच नोकरीवर पैज म्हणून लावायची, याहून निर्लज्ज युक्ती भांडवलशाहीने अलीकडे काढलेली नाही.

नोकियाच्या बंद कारखान्यात पुढे यंत्रे पुन्हा आली. सॅलकॉम्प या चार्जर बनविणाऱ्या कंपनीने २०१९ साली तो घेतल्याचे जाहीर झाले, आणि दिल्लीच्या मंत्र्यांनी ‘मेक इन इंडिया’चा विजय म्हणून त्याचे ढोल वाजविले. शेजारी फॉक्सकॉन आता आयफोन जुळविते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तेथील मुलींना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणी रुग्णालयात गेल्या, आणि बाकीच्या चेन्नई-बंगळूर महामार्गावर येऊन बसल्या. त्या बसल्यानंतरच वसतिगृहांची पाहणी झाली. तोवर ती पाहावीत असे कोणाला सुचले नव्हते.

त्याच पट्ट्यात सॅमसंगचा कारखाना आहे. तेथे फ्रिज, टीव्ही आणि वॉशिंग मशीन बनतात. ९ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील हजारावर कामगार संपावर गेले. मागण्यांत वेतन होते, पण पहिली मागणी आपल्या संघटनेच्या मान्यतेची होती. स्वतःच्या संघटनेचे नाव कागदावर यावे एवढ्यासाठी सदतीस दिवस काम बंद राहिले, मंडप मोडले गेले, कामगारांची धरपकड झाली, राज्य सरकारचे मंत्री मध्यस्थीला धावले. नोंदणीला कंपनीने हरकत घेतली होती, कारण काय तर संघटनेच्या नावात ‘सॅमसंग’ शब्द आहे. फ्रिजवर तो शब्द रोज चिकटविणाऱ्यांना तो आपल्या संघटनेच्या फलकावर लिहिण्याचा हक्क नाही म्हणे. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि २०२५ च्या जानेवारीत नोंदणी झाली. फेब्रुवारीत कंपनीने काही कामगारांना निलंबित केले, आणि त्यांचे सोबती पुन्हा कारखान्यातच ठिय्या देऊन बसले.