दात हलण्याआधी या

तालुक्यातील सर्व बंधू-भगिनींना दंतवैद्यांचे आवाहन

आमच्याकडे माणसे येतात ती दाढ ठणकायला लागली की. हिरड्यांचा आजार सहसा ठणकत नाही आणि तिथेच घात होतो. चूळ भरताना थुंकी लालसर दिसते, पेरू चावला की त्यावर रक्ताचा डाग उमटतो. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून आपण सोडून देतो. मग पन्नाशीच्या आसपास कधीतरी, कीड न लागलेला धडधाकट दात बोटाने हलू लागतो.

दातांवर सतत जंतूंचा चिकट थर साचतो. ब्रशने तो निघतो. जिथे ब्रश नीट फिरत नाही, तिथे लाळेतले क्षार बसून काही दिवसांत त्याचे टणक किटण होते. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने जीभ फिरवून पाहा. खरखरीत लागले तर बहुधा तेच. लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात, म्हणून तिथे ते लवकर चढते. मीठ, कोळसा, महागडी पेस्ट, कशानेही ते निघत नाही. त्याने हिरड्या नुसत्या सुजलेल्या असतील तर दवाखान्यातल्या सफाईने आणि नीट ब्रशने पूर्ववत होतात. एकदा दाताला धरणारे हाड झिजले की ते आपसूक भरून येत नाही.

‘सफाई केली की दात हलतात’ हे आम्ही रोज ऐकतो. दात आधीच सैल झालेले असतात. किटणाने ते एकमेकांना लिंपून धरलेले असतात, एवढेच. फटीही किटण निघाल्यावर उघड्या पडतात. सफाईचे यंत्र दात खरवडत नाही. त्याचे टोक अतिशय वेगाने कंप पावते, वरून पाण्याचा फवारा चालू असतो आणि किटणाचे कपचे उडतात. नंतर काही दिवस गार पाणी झोंबते, ते बहुतेकांचे थांबते. जत्रेत कुणी बाटलीतले औषध लावून दात पांढरे करून देत असेल, तर मात्र तोंड उघडू नका.

मशेरी लावणाऱ्या आयाबायांना विशेष विनंती. मशेरी म्हणजे राखुंडी नव्हे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून चुरली तरी ती तंबाखूच. केंद्र सरकारने १९९२ साली दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर कुठला कायदा चालणार! तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत आजार वाढत असूनही रक्त कमी दिसू शकते. ‘मशेरीने हिरड्या घट्ट राहतात’ हा समज त्यातूनच आलेला.

मधुमेह असणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात येत नाही. गरोदरपणातही सफाई करता येते. मधले तीन महिने सोयीचे.

साधारणपणे सहा महिन्यांनी एकदा दाखवावे. हाड झिजलेल्यांना तीन-चार महिन्यांनी यावे लागते. खर्चाची अडचण असेल तर उपजिल्हा रुग्णालयात दंतविभाग आहे का ते विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांतही कमी खर्चात काम होते.

येताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल किंवा पेसमेकर असेल, तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करून येऊ नका. उपाशी येण्याची गरज नाही, जेवून या.