उडालेल्या रंगाचा प्रश्न

फाल्गुनात कुरखेड्याच्या रानात पळस फुलतो. त्याची फुले उकळून कापड रंगवले, तर सुरेख पिवळा-केशरी रंग चढतो. पण उन्हात राहून तो फिका पडत जातो. “रंगच कच्चा!” असे म्हणून आपण विषय संपवतो. माझ्या मते खरे विज्ञान तिथूनच सुरू व्हायला हवे. प्रकाशाने रंगाच्या रेणूचे नेमके काय केले?

हाच प्रश्न आज मोठ्या प्रयोगशाळांतही विचारला जातो. आपले खायचे मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस तापमान लागते, कारण त्याचे लहान आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. आयन मोठे आणि वेडेवाकडे असले, तर ते नीट रचले जात नाहीत. मग असा क्षार साध्या तापमानालाही द्रव राहू शकतो. त्याला आयनिक द्रव म्हणतात.

आता शाळेच्या कपाटातील मिथिल ऑरेंज आठवा. आम्लाची परीक्षा झाली की बाटली परत कपाटात! पण त्याच्याच ऋण आयनापासून 2009 साली पोर्तुगालमधील रसायनज्ञांनी प्रकाशाला प्रतिसाद देणारे आयनिक द्रव बनवले. या जातीच्या रंगरेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंचा सांधा असतो. योग्य प्रकाश पडला की सरळ रेणू तिथे वाकतो आणि अंधारात पुन्हा सरळ होतो. त्याबरोबर द्रवाचा रंग, दाटपणा, वीजवाहकता हे गुणही बदलू शकतात. जणू प्रकाशाचे बटणच!

मग पळसाचा रेणू वाकतो की मोडतो? हे तुम्हीच तपासा. फुलांच्या रंगात तुरटी घालून सुती कापड रंगवा. सुकल्यावर अर्ध्या भागावर काळा कागद लावून आठ दिवस उन्हात ठेवा. रोज नोंद करा. नंतर तेच कापड आठ दिवस अंधारात ठेवा. उडालेला रंग परत आला, तर रेणू वाकला होता. नाही आला, तर बहुधा मोडला.

“आमच्या खेड्यात उपकरणे कुठली?” असे कोणी म्हणेल. इथे ऊन, फूल, कापड आणि वही एवढेच लागते. शिक्षकांनाही विनंती आहे की, परीक्षेत गुण नाहीत म्हणून हा प्रयोग टाळू नका. पुस्तकातले उत्तर पाठ करणारा विद्यार्थी पास होईल; पण कपड्याचा उडालेला रंग पाहून “का?” असे विचारणारा उद्या नवा द्रव शोधील. तो कुरखेड्याचा का नसावा?